आकडा मोठा, पूड बारीक

फराळाचे डबे रिकामे होतात तोवर थँक्सगिव्हिंगची सुट्टी येते आणि मुलांच्या हाती काय द्यायचे हा प्रश्नही. यंदा या सदराचे उत्तर आहे रॉक टंबलर. नदी दगड गोटा करायला पिढ्यान् पिढ्या घेते. हा फिरता डबा महिन्याभरात त्याला गुळगुळीत करतो. मात्र दगड घासतो तो डबा नव्हे, आत टाकलेली ग्रिट.

तिचे आकडे समजायला आपली चाळण पुरे. जाळीत इंचाला छिद्रे जितकी जास्त, तितका आकडा मोठा आणि पूड बारीक. ६०/९० बारीक रव्यासारखी, १२०/२२० रवाळ पिठासारखी, ५०० मैद्यासारखी. या तिन्ही सिलिकॉन कार्बाइडच्या. शेवटचे पॉलिश बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. माणिक आणि नीलम त्याचेच बनतात.

मग गॅल्व्हेस्टनची वाळू का नको? कठीणपणाच्या मोपट्टीवर अकीक ७ आणि वाळूही ७. सिलिकॉन कार्बाइड ९च्या वर, शिवाय त्याचा कण फुटला की नवी धार निघते.

डबा दोन तृतीयांश ते पाऊण दगडांनी भरा. तीन पौंडी डब्याला ग्रिट साधारण चार मोठे चमचे, पाणी वरच्या थराच्या किंचित खाली. आठवड्याने उघडा. खड्डे किंवा भेगा दिसल्या तर ताजी ६०/९० घालून पुन्हा आठवडाभर फिरवा. इथे घाई केली तर पुढे इलाज नाही, कारण नंतरच्या पायऱ्या फक्त आधीचे ओरखडे पुसतात. प्रत्येक पायरीनंतर दगड आणि डबा टूथब्रशने धुवा. जाड ग्रिटचा एखादा कणही पॉलिशमध्ये शिरला तर चमक गेली. गाळ सिंकमध्ये ओतू नका, नळीत सिमेंटसारखा बसतो. बादलीत निवळू द्या आणि कचऱ्यात टाका. कोरडी पूड नाकात जाऊ नये म्हणून ती मोठ्यांनीच मोजावी.

एका डब्यात सारख्या कठीणपणाचेच दगड घाला. अकीक, जॅस्पर आणि टेक्ससचे पाम-लाकूड, म्हणजे दगड झालेले पाम, एकत्र चालतात. हे पाम-लाकूड १९६९पासून राज्याचा अधिकृत दगड आहे. दगड वेचण्याआधी जागेच्या मालकाला विचारा.

पण नाशिक-जळगावकडून आजीने आणलेले हिरवे ॲपोफिलाइट किंवा गुलाबी स्टिल्बाइट टंबलरमध्ये कदापि नको. दख्खनच्या लाव्ह्यातल्या पोकळ्यांत वाढलेले हे स्फटिक, कठीणपणा जेमतेम ४-५. अकिकाबरोबर फिरले तर त्यांचा गाळच होईल. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असेच स्फटिक जपून मांडलेले आहेत. त्यांच्या कडा निसर्गानेच घडवल्या आहेत आणि घासलेला दगड पुन्हा वाढत नाही.

म्हणून दगड डब्यात टाकण्याआधी मुलांना आजीला फोन करू द्या. हा कुठे सापडला, कोणी दिला, हे चिठ्ठीवर लिहून ठेवा. झिलई महिन्याभरात मिळते. ही माहिती मात्र आजी आहे तोवरच.