शाळेची वेळ कुणी ठरवायची?

घोडपदेवची चाळ असो की तुमच्या गावातला वाडा, संध्याकाळी सात वाजता घरातली मुलगी कुठे असते? बहुतेक वेळा स्वयंपाकघरात. कणीक भिजवायची, धाकट्याला सांभाळायचं, पानं घ्यायची. आणि मुलगा? "त्याचा अभ्यास चाललाय, त्याला उठवू नका." हे आपणच म्हणतो, बरं का! दरवेळी सासूबाईंवर ढकलून चालायचं नाही.

आज ओळख करून देणार आहे ती अशाच मुलीचा विचार करणाऱ्या एका बाईंची. त्यांचं नाव डॉ. चित्रा नाईक. जन्म पुण्याचा, १५ जुलै १९१८ चा. मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि १९५३ साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेल्या. परत आल्यावर मोठ्या शहरात मानाची खुर्ची पकडून बसल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती. पण त्यांनी कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीला, मौनी विद्यापीठात, खेड्यापाड्यातल्या शिक्षणाचं काम केलं. पुढे राज्याच्या शिक्षण खात्यात त्या संचालकपदापर्यंत चढल्या. त्यांचे यजमान जे. पी. नाईक हेही मोठे शिक्षणतज्ज्ञ. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. त्यांनी १९४८ मध्ये मुंबईत स्थापलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्ये पुण्याला गेली.

तुम्ही म्हणाल, पदव्या आणि पदं झाली, आमच्या संसाराशी त्याचा काय संबंध? तेच सांगते.

१९७९ पासून चित्राताईंच्या संस्थेने पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत एक प्रयोग केला. मुलं, त्यातही मुली, शाळेत येत नाहीत, कारण आईबापांना शिक्षणाची किंमत नाही, असं सगळे धरून चालले होते. ह्या लोकांनी गावकऱ्यांशी बोलून पाहिलं. मुलगी दिवसा भावंडं सांभाळते, शेळ्या राखते, सरपण आणते. शाळा भरते तीही दिवसाच. मग ती येणार कधी? तेव्हा त्यांनी मुलीला दोष दिला नाही, शाळेचीच वेळ बदलली! वर्ग संध्याकाळी, कामं आटोपल्यावर, दोनेक तासांचा. शिकवणारं माणूस गावातलंच. गाणी, खेळ, आणि भीतीच्या परीक्षेऐवजी 'बालजत्रा', जिथे मुलं आपल्याला काय येतं ते हसतखेळत दाखवत. या वर्गांना मुली मोठ्या संख्येने येऊ लागल्या.

गिरणगावाला ह्यात नवल वाटायला नको. गिरणीत पाळी करून रात्रशाळेत शिकलेली माणसं आपल्या लालबाग-परळ-घोडपदेवने कितीतरी पाहिली. पण त्या रात्रशाळांच्या बाकांवर बहुतेक पुरुष आणि मुलगेच असत. घरच्या कामाची पाळी करणाऱ्या पोरीसाठी वेगळी शाळा काढावी, हे फार थोड्यांना सुचलं.

पुढे १९९१ मध्ये चित्राताई दिल्लीला नियोजन आयोगाच्या सदस्य झाल्या. हे पद राज्यमंत्र्यांच्या दर्जाचं, आणि आयोगाचे अध्यक्ष खुद्द पंतप्रधान. (हा आयोग आता नाही, २०१५ पासून त्याच्या जागी नीती आयोग आहे.) त्याआधी १९८६ मध्ये पद्मश्री, आणि नंतर १९९३ मध्ये युनेस्कोचं कोमेनियस पदक. २४ डिसेंबर २०१० रोजी त्या गेल्या. त्याच वर्षी १ एप्रिलपासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू झाला होता.

पण मैत्रिणींनो, कायदा चौदाव्या वर्षी थांबतो आणि खरी ओढाताण तिथूनच सुरू होते. "पुढे शिकून काय करणार, स्वयंपाक तर यायला हवा!" तेव्हा थोडा प्रयोग आपल्याही घरी करून पाहू या.

एक, मुलीच्या दिवसाचं टिपण करा. कुठल्या वेळी तिला कुणीच हाक मारत नाही? अशी वेळ सापडली नाही, तर तुम्ही ठरवा. सात ते साडेआठ, समजा. ती घरात सर्वांनी पाळायची.

दोन, पाणी भरणं, दूध आणणं, पानं घेणं ही कामं मुलगा-मुलगी दोघांत वाटा. मुलाचे हात झिजत नाहीत.

तीन, स्वतःकडे पाहा. तुमची दहावी राहून गेली असेल, तर राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या परीक्षेला बसता येतं. अटी आणि मुदत जवळच्या माध्यमिक शाळेत विचारा. मुदत चुकली की वर्ष जातं, तेव्हा शाळा उघडल्यावर लगेच चौकशी करा. लाजायचं कशाला?

आणि "ह्यांना" कसं सांगायचं, ही चिंता असेल तर जेवण झाल्यावर, सगळे निवांत असताना विषय काढा. पोट भरलेलं असलं की माणसं जरा ऐकतात, हा आपला जुना अनुभव!