टायर घेण्याआधी गाडी काट्यावर चढवा

तळेगाव दाभाडे, वडगाव, कामशेत, लोणावळा या पट्ट्यात बाजार करणाऱ्या कापडवाल्याला नवी गाडी परवडत नाही. तो दोन-तीन मालकांच्या हातून आलेला टेम्पो घेतो, आत फळ्या ठोकतो, वर छप्पर आणि बाजूला झडप बसवतो. चालते-फिरते दुकान तयार होते. जुन्या गाडीत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय करून कारवाँ बनवणाऱ्यांचेही असेच आहे. सुतार, वेल्डर, रंगारी यांच्यावर खर्च होतो. टायरचा विचार मात्र सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशात. माझ्या मते हा हिशेब उलटा आहे.

दुकानात गेल्यावर आपण म्हणतो, ‘आहे तोच नंबर द्या.’ पण जुन्या गाडीवर आज जो टायर आहे तो कंपनीनेच दिलेला असेल असे नाही. आधीच्या मालकाने स्वस्त मिळाला तो चढवलेला असतो. म्हणून पहिला पुरावा कागदाचा. मालवाहू गाडीच्या आर.सी. बुकात टायरचा आकार आणि प्रत्येक एक्सलवरचे मान्य वजन लिहिण्यासाठी रकाने असतात. ते आधी वाचावेत.

पन्हा न मोजता थान घेणारा कापडवाला सापडणार नाही. टायरवरही तसेच माप छापलेले असते. आमच्यापैकी पुष्कळांचे शिक्षण उर्दूतून झाले, म्हणून ती इंग्रजी अक्षरे टायरवाल्यावर सोपवली जातात. ती अवघड नाहीत. ‘२१५/७५ आर १५’ याचा अर्थ रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल आणि रिम १५ इंचांची. टाटा ४०७ वर दिसणाऱ्या ‘७.५०-१६’ या जुन्या पद्धतीत रुंदीही इंचांत असते. मधे ‘आर’ नसून नुसती रेघ असेल तर तो नायलॉन टायर. एका एक्सलवर एक नायलॉन आणि एक रेडियल कधीही घालू नये.

आकारानंतर येतो तो आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण तो वजनाचा आहे. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०६ म्हणजे ९५०, ११२ म्हणजे ११२०. २१५/७५ आर १५ हाच आकार १०० चाही मिळतो आणि १०६ चाही. रिमवर दोन्ही सारखेच बसतात, पण भाराखाली फरक कळतो. ‘१०६/१०३’ असे दोन आकडे असतील तर पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. हे वजनही टायरमध्ये ठरलेली हवा असेल तरच.

आता हे वजन कळणार कसे? अंदाजाने नाही. दीड किलोची एक चादर धरली तर ५०० चादरींचे ७५० किलो होतात. त्यात फळ्या, लोखंडी सांगाडा, दोन माणसे. कारवाँत २०० लिटर पाण्याची टाकी म्हणजे २०० किलो. गाडी पूर्ण भरून वजनकाट्यावर न्यावी. पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा तोलून घ्यावा. मागे १८०० किलो भरले आणि चाके एकेरी असली, तर प्रत्येकावर ९०० आले. माल एका बाजूला जास्त असतोच, म्हणून वर थोडी जागा ठेवावी.

काही टायरवाले सांगतात, ‘मोठा टायर घाला, जास्त माल बसेल.’ हे चूक आहे. टायर मोठा झाल्याने एक्सल, पाटे आणि ब्रेक मोठे होत नाहीत. जोडचाके एकमेकांना घासू लागतात. लहान टायरही बरा नाही: २१५/७५ ऐवजी १९५/७० घातला तर उंची सात टक्के घटते आणि काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ५६ च्या आसपास असते. भारक्षमताही कमी होते. जादा माल पकडला गेला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २०,००० रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनाला २,०००.

बाजाराची गाडी धावते कमी, उभी जास्त राहते. त्यामुळे नक्षी शाबूत दिसते, पण रबर ऊन-पावसात म्हातारे होते. नियमाने नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. तेवढी असली म्हणजे टायर चांगला असे नव्हे. बाजूला चार आकडे असतात: ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांनंतर, नक्षी कितीही राहिली तरी, टायर काढावा असे अनेक कंपन्याच सांगतात. बाजूला चिरा दिसल्या तर तोवरही थांबू नये.

भिवंडीहून माल भरून बोरघाट चढताना हवा कमी आणि भार जास्त असेल तर टायर आतून तापतो. तो फुटला तर नुसता माल जात नाही. गाडीत ड्रायव्हर असतो, पोरगा असतो.

टायर विकणाऱ्या बंधूंकडे एक मागणी आहे. पावतीवर नुसते ‘टायर दोन नग’ लिहू नका. आकार, वजनाचा आकडा आणि तयार झाल्याचा आठवडा लिहा. आणि घेणाऱ्याने तो लिहून घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत.