‘बायका उशिरा येतात’ म्हणे!

नेत्रतज्ज्ञांच्या भाषणात, आरोग्य खात्याच्या अहवालात, मधुमेह दिनाच्या पुरवणीत एक वाक्य हमखास भेटतं: ‘बायका उशिरा येतात.’ मोतीबिंदूबद्दल तेच, कॅन्सरबद्दल तेच, आणि मधुमेहाने जाणाऱ्या दृष्टीबद्दलही तेच. मैत्रिणींनो, या वाक्याचा कर्ता बघा. कर्ता बाई. दवाखाना, एसटी, नवरा, घरातला पैसा यांपैकी कोणीच या वाक्यात काही करत नाही. माझं भांडण या वाक्याशी आहे.

आधी आजार समजून घेऊ, कारण भांडणाचं मूळ त्यातच आहे. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो, दृष्टिपटल. त्यात अगदी बारीक रक्तवाहिन्या असतात. वर्षानुवर्षं रक्तातली साखर वाढलेली राहिली की त्यांच्या भिंती कमकुवत होतात, त्यांना फुगे येतात, पाणी नि रक्त झिरपतं. पुढे काही वाहिन्या बंद पडतात, पडद्याला प्राणवायू कमी पडतो आणि नव्या, ठिसूळ वाहिन्या उगवतात. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त साकळतं. पडदा ओढला जाऊन सुटूही शकतो. यातल्या बऱ्याचशा काळात बाईला काहीच जाणवत नाही. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, सुईत दोराही ओवता येतो. म्हणजे ज्या दिवशी तिला ‘दिसत नाही’ असं वाटतं, तो दिवस आजाराच्या हिशेबाने बहुधा उशिराचाच असतो.

आशाताईच्या फॉर्मवर ‘धूसर दिसतं का?’ असा प्रश्न आहे. मधुमेही बाई ‘नाही’ म्हणाली की पुढचा रकाना. ज्या आजारात तक्रारच नसते, तो तक्रार विचारून कसा सापडणार? त्यासाठी डोळ्यात थेंब घालून किंवा कॅमेऱ्याने पडदा बघावाच लागतो, आणि तोही नियमाने, तक्रार असो वा नसो.

संशोधन कमी पडलं म्हणावं तर तसंही नाही. वेळेवर लेझर दिलं तर दृष्टी जाण्याचा गंभीर धोका निम्म्याहून कमी होतो, हे अमेरिकेतल्या अभ्यासाने १९७६ साली दाखवलं. लहान वयात मधुमेह झालेल्यांत साखर काटेकोर ताब्यात ठेवली, तर पडदा नव्याने बिघडण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी घटतं, हे १९९३ साली कळलं. १९९८ साली ब्रिटनमधून प्रौढांच्या मधुमेहाबद्दल तसाच निर्वाळा आला, आणि रक्तदाब ताब्यात ठेवण्याचं महत्त्वही कळलं. नंतर डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आली. इंग्लंडने २००३ पासून मधुमेहींच्या पडद्याचे फोटो काढायची देशभर सोय उभी केली. इंग्लंड-वेल्समध्ये कामाच्या वयातल्या अंधत्वाचं पहिलं कारण आता मधुमेह राहिलेला नाही, पाच दशकांत पहिल्यांदाच, हे २०१४ साली छापून आलं. तिथल्या बायका काही जन्मजात ‘जागरूक’ नाहीत. त्यांच्या घरी बोलावण्याची चिठ्ठी जाते.

आपल्याकडे? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे देशात मधुमेही १० कोटींच्या वर. २०१५ ते २०१९ मध्ये पन्नाशीपुढच्यांची सरकारी पाहणी झाली, तीत मधुमेहींपैकी सुमारे ९० टक्क्यांचा पडदा कधीच तपासलेला नव्हता. यात पुरुषही आले, हे लक्षात घ्या. मग ‘उशिरा’ आलं कोण?

तरी बाईचा उशीर वेगळा असतोच. डोळ्यात थेंब घातले की काही तास धूसर दिसतं, एसटीची पाटी वाचता येत नाही. म्हणजे सोबत माणूस हवा, त्याची मजुरी बुडायला हवी. नवऱ्यासाठी बायको सोबत जाते. बायकोसाठी? इंजेक्शनं तर सुरुवातीला दर महिन्याला. चार घरी पोळ्या लाटणाऱ्या एका बाईचा केसपेपर मी पाहिला आहे. त्यावर लिहिलं होतं, ‘सांगूनही आली नाही.’ ती दोनदा गेली होती. एकदा लेझरचं मशीन बंद होतं, एकदा डॉक्टर शिबिराला गेले होते. तिसऱ्यांदा सुट्टी मागितली तर काम जाईल असं मालकिणीने बजावलं. केसपेपरवर यासाठी रकाना नसतो.

गरोदरपणाचं तर विचारूच नका. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईचा पडदा या काळात झपाट्याने बिघडू शकतो, म्हणून पहिल्या तीन महिन्यांतच तो बघायला हवा. पण डोळ्यांच्या इंजेक्शनांच्या चाचण्यांतून गरोदर बायका वगळल्या गेल्या. बाळाच्या काळजीने, ते समजू शकतं. पण मग तिच्यासाठीचं उत्तर शोधायचं कोणी? आणि जिला गरोदरपणातच पहिल्यांदा साखर निघाली, तिला पुढे मधुमेह होण्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो. बाळाच्या लसीची तारीख कार्डावर वर्षानुवर्षं लिहिली जाते, आईची साखर मात्र कोणी विचारत नाही. कूस रिकामी झाली की बाई खात्याच्या नजरेतून उतरते!

आता नवी जादू म्हणून संगणक आला आहे. २०१६ साली एका बड्या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी पडद्याच्या सव्वा लाखावर फोटोंवरून यंत्राला हा आजार ओळखायला शिकवलं, त्यातले बरेच भारतीय रुग्णालयांतले होते. माझा यंत्राला विरोध नाही. पण तेच यंत्र थायलंडमधल्या दवाखान्यांत गेलं, तेव्हा पाचातला एक फोटो त्याने ‘नीट नाही’ म्हणून नाकारला, हे २०२० साली प्रसिद्ध झालं. फोटो नाकारला की रुग्णाला तज्ज्ञाकडे जायला आणखी एक दिवस काढावा लागायचा. तो दिवस बाईने कुठून आणायचा, हे यंत्राला कोण शिकवणार?

म्हणून मागण्या साध्या आहेत. साखरेच्या गोळ्या ज्या दिवशी नि जिथे मिळतात, तिथेच त्याच दिवशी पडद्याचा फोटो. लेझरच्या तारखेला जाण्यायेण्याचं भाडं आणि सोबतीच्या माणसाची बुडालेली मजुरी. गरोदरपणाच्या कार्डावर पडदा तपासणीचा रकाना. आणि आकडे बाई-पुरुष वेगळे. जगात कमी-अधिक दृष्टिदोष असलेल्यांत ५५ टक्के स्त्रिया आहेत, असा २०२०चा अंदाज आहे. आपल्या तालुक्यात किती, ते येत्या महिला ग्रामसभेत वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी विचारू या, आणि उत्तर लेखीच घेऊ या.