सहरीची वाटी

आमच्या घरी ओट्स आले ते अम्मींच्या शुगरमुळे. सिरोंच्यात मार्चपासूनच ऊन चटकते, त्यामुळे सहरीला पोट थंड ठेवणारे काही हवे असते. चवीचे तयार पाकीट आम्ही आणत नाही; त्यात साखर नाहीतर मीठ फार. 1 वाटी साध्या ओट्सला 3 वाट्या पाणी, मंद आच. गार झाले की ताक आणि भाजलेले जिरे. कच्चा कांदा झकास लागतो, पण तो इफ्तारनंतर. सहरी उरकून फज्रला मशिदीत जायचे असते. मुले दूध-खजूर घालतात, खुशाल घालोत.

खरे तर ही ज्वारीच्या आंबिलीचीच रीत. गावातल्या तेलुगू घरांत तिलाच अंबली म्हणतात. आणि तलबीना म्हणजे जवाच्या पिठाची पेजच की! हजरत आयेशा (रजि.) आजाऱ्यांना ती द्यायला सांगत. ओट्समधला बीटा-ग्लुकन हा चिकट तंतू साखर रक्तात हळूहळू उतरू देतो. तो जवातही असतो, आणि जव स्वस्त पडतो. म्हणून या रमजानला अम्मींच्या वाटीत निम्मे जव. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांनी आधीच बदलून दिल्या आहेत. शुगर असलेल्यांनी रोजे धरण्यापूर्वी हे विचारून घ्यावेच. जवाचा दलिया तेवढा रात्री भिजत घालावा लागतो.