विश्लेषण : रॅम्पवरून फ्रीवेवर शिरताना आधी कोण? वाट देण्याने खरेच वेळ जातो का?

माझगावहून नवी मुंबईला निघालेली मोटार ऑरेंज गेटजवळ पूर्व मुक्त मार्गावर चढते आणि शिवडीला अटल सेतूकडे वळते. वाटेत सिग्नल नाही, चौक नाही, हात दाखवून थांबवणारा पोलीसही नाही. मात्र जिथे दोन रस्ते एकत्र येतात, तिथे आधी कोणी जायचे याचा निर्णय चालकांनाच घ्यावा लागतो आणि नेमक्या त्याच ठिकाणी गोंधळ होतो. कोणी रॅम्पच्या टोकाला येऊन थबकतो, कोणी न बघताच घुसतो, तर कोणी ‘याला शिरू द्यायचे नाही’ म्हणून वेग वाढवतो. या तिन्ही चुका टाळता येण्याजोग्या आहेत.

माझगावकरांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

पूर्व मुक्त मार्ग सुमारे १६.८ किलोमीटर लांबीचा आहे. ऑरेंज गेट ते पांजरापोळ हा टप्पा जून २०१३ मध्ये, तर पुढे घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यापर्यंतचा टप्पा जून २०१४ मध्ये खुला झाला. दुचाकी आणि रिक्षांना या मार्गावर बंदी आहे. जानेवारी २०२४ मध्ये सुमारे २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला आणि शिवडीला नवी मुंबईची वाहतूक येऊन मिळू लागली. आता ऑरेंज गेट ते मरिन ड्राइव्ह अशा जुळ्या भुयारी मार्गाचे काम सुरू आहे. तो पूर्ण झाल्यावर माझगावच्या दारात आणखी एक मोठा प्रवाह येऊन मिळेल. म्हणजे मिसळण्याच्या जागा वाढणार आहेत. मिसळण्याची सवय मात्र आपोआप वाढणार नाही.

रॅम्पवर नेमके काय करायचे?

अटल सेतूवर मोटारींसाठी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, पण चढता-उतरताना ती ४० आहे. सागरी किनारा मार्गावरही सरळ रस्त्यावर ८० आणि प्रवेश-निर्गमनाच्या ठिकाणी ४० अशीच रचना आहे. त्यामुळे रॅम्पवरून येणारे वाहन मुख्य प्रवाहापेक्षा बरेच हळू असते. वळण संपल्यापासून तुटक रेषा संपेपर्यंतचा जो सरळ तुकडा मिळतो, तो हा फरक भरून काढण्यासाठी असतो.

हिशेब सोपा आहे. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर, ताशी ४० म्हणजे ११ मीटर. ४० च्या वेगातच कोणी मुख्य मार्गिकेत शिरला आणि ५० मीटर मागे ८० ने येणारी मोटार असली, तर दोघांमधले अंतर पाच सेकंदांच्या आत संपते. त्यातला एक-दीड सेकंद मागच्या चालकाला परिस्थिती कळण्यातच जातो. तोच चालक आठ सेकंदांत ४० वरून ८० वर गेला, तर त्याला साधारण १३० मीटर रस्ता लागतो, पण मागच्याला ब्रेकवर पाय ठेवण्याची वेळ येत नाही.

म्हणून क्रम ठरलेला हवा. रॅम्पवर असतानाच मुख्य रस्त्याकडे नजर टाकायची. इंडिकेटर लवकर द्यायचा. शिरता शिरता दिलेला इंडिकेटर कोणाच्याच कामाचा नसतो. मोकळी जागा हेरायची आणि वेग तिच्याशी जुळवायचा. उजवा आरसा पाहायचा, पण तेवढ्यावर भागत नाही. शेजारी अगदी जवळ आलेली मोटार आरशात दिसत नाही. शिरण्याआधी उजव्या खांद्यावरून एक झटकन नजर टाकणे म्हणूनच गरजेचे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि रॅम्प बहुतेक वेळा डावीकडून येतात, त्यामुळे हे सोपेही आहे.

जागाच मिळाली नाही तर?

रॅम्पच्या अगदी टोकाला जाऊन थांबणे हा सर्वांत वाईट पर्याय. तिथे थांबलेल्या मोटारीला शून्यातून वेग घ्यावा लागतो आणि त्यासाठी पुढे रस्ताच उरलेला नसतो. मागून येणाऱ्यालाही पुढचा थांबेल याची कल्पना नसते. प्रवाह दाट दिसला तर वेग सुरुवातीलाच कमी करावा, म्हणजे जागा दिसताच पुढे धाव घ्यायला रस्ता शिल्लक राहतो. पावसाळ्यात तर दोन्ही बाजूंचे अंतर आणखी वाढवायला हवे, कारण ओल्या रस्त्यावर मोटार थांबायला जास्त रस्ता लागतो.

मुख्य रस्त्यावरच्या चालकाची जबाबदारी काय?

मुख्य रस्त्यावर शिरणाऱ्याने त्या रस्त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्यावे, हे भारतातल्या वाहतूक नियमांचे जुने तत्त्व आहे. जर्मनीच्या ऑटोबानवरही प्राधान्य मुख्य प्रवाहालाच असते. त्यामुळे ‘मी इंडिकेटर दिला, आता तू थांब’ हा रॅम्पवरच्या चालकाचा पवित्रा चुकीचा आहे.

पण प्राधान्य असणे आणि ते दामटणे यात फरक आहे. समोरच्या मोटारीपासून दोन सेकंदांचे अंतर ठेवले, तर ८० च्या वेगात मध्ये सुमारे ४४ मीटर जागा राहते. रॅम्प जवळ येताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जरा सैल केला की त्याच जागेत एक मोटार सामावते. उजवी मार्गिका मोकळी असेल तर आरसा पाहून तिकडे सरकणे अधिक चांगले. यातले काहीच जमत नसेल, तर निदान वेग स्थिर ठेवावा, म्हणजे समोरच्याला अंदाज बांधता येतो. सौजन्य म्हणून भर रस्त्यात कचकन ब्रेक मारणे मात्र टाळायला हवे. ते पाहून रॅम्पवरचा खूश होईल, पण मागचा येऊन आदळेल.

वाट देण्याने किती उशीर होतो? एक मोटार पुढे गेली की फार तर दोन-तीन सेकंद. उलट ती अडवताना एकाने ब्रेक दाबला की मागचा जास्त दाबतो, त्याच्या मागचा त्याहून जास्त, आणि काही अंतरावर रांग उभीच राहते. अपघात झाला तर विचारायलाच नको. उन्नत रस्त्यावर गल्ली नसते की पर्यायी वाट नसते. अडकलेल्या शेकडो मोटारींमध्ये एखादी रुग्णवाहिकाही असू शकते.

गर्दीत, मुंगीच्या गतीने सरकताना काय?

सकाळी ऑरेंज गेटकडे उतरणाऱ्या रांगेत प्रश्न वेगाचा नसतो, क्रमाचा असतो. दोन मार्गिकांची एक होते तिथे ‘एक इकडची, एक तिकडची’ हा नियम सर्वांत सोपा. जर्मनीत या पद्धतीला कपड्यांच्या चेनचे नाव आहे आणि ती कायद्याने बंधनकारक आहे. यात दोन्ही मार्गिका शेवटपर्यंत वापरायच्या आणि टोकाला आळीपाळीने मिसळायचे. त्यामुळे रस्त्याची क्षमता जादूने वाढत नाही, पण तेवढीच वाहने दोन रांगांत उभी राहिल्याने रांगेची लांबी जवळपास निम्मी होते आणि मागचा फाटा तुंबत नाही.

इथे एक गल्लत टाळायला हवी. संपणाऱ्या मार्गिकेतून टोकापर्यंत येऊन मिसळणारा घुसखोर नसतो, तो रस्ता होता तसाच वापरत असतो. उतरण्याच्या रांगेला बगल देऊन, अखंड पांढरी रेषा ओलांडून, शेवटच्या क्षणी नाक खुपसणारा मात्र घुसखोरच. पहिल्याला वाट द्यावी, दुसऱ्यावर कारवाई व्हावी. दोघांना एकाच मापाने मोजले की रांगेत प्रामाणिकपणे उभा राहणारा चिडतो आणि उद्या तोही तेच करतो.

मग फक्त चालकच जबाबदार का?

नाही. याच भागातून जाणाऱ्या हार्बर रेल्वेचे उदाहरण बोलके आहे. पनवेलकडून आणि अंधेरी-गोरेगावकडून येणाऱ्या लोकल वडाळा रोडला एकत्र येतात. कोणती आधी जाणार हे सिग्नल ठरवतो, मोटरमन एकमेकांशी स्पर्धा करत नाहीत. रस्त्यावर तशी यंत्रणा नाही, म्हणून रेषा आणि फलकांनी ते काम करायला हवे. मार्गिका संपण्याच्या बऱ्याच आधी मोठा फलक, पावसाळ्यानंतर पुन्हा रंगवलेल्या ठळक रेषा आणि गर्दीच्या जागी ‘एकाआड एक’ अशी स्पष्ट मराठी सूचना यांचा खर्च एखाद्या पुलाच्या तुलनेत नगण्य आहे.

दुसरी उणीव प्रशिक्षणातली. वाहन परवान्याच्या चाचणीत मैदानावर ‘आठ’चा आकडा काढून दाखवणारा उमेदवार धावत्या प्रवाहात मिसळण्याचा सराव न करताच थेट फ्रीवेवर पोहोचतो. मोटार प्रशिक्षण शाळांनी शेवटच्या दोन धड्यांत तरी रॅम्पवरून शिरणे आणि उतरणे शिकवायला हवे.

मुंबईकराला गर्दीत मिसळणे नवे नाही. डॉकयार्ड रोडला भरलेल्या डब्यातही ‘जरा आत सरका’ म्हटले की माणसे सरकतात, कारण पुढच्या स्थानकावर आपणही दारात उभे असणार हे प्रत्येकाला ठाऊक असते. रॅम्पवरचा चालक आणि मुख्य रस्त्यावरचा चालक ही माणसेही वेगळी नसतात. सकाळी जो शिरतो, तोच संध्याकाळी दुसऱ्याला शिरताना पाहतो. मरिन ड्राइव्हचा भुयारी मार्ग सुरू होण्याआधी एवढी जाणीव रुजली, तर नव्या रस्त्याचा उपयोग वेळ वाचवण्यासाठी होईल. नाही तर जुनीच कोंडी भुयाराच्या तोंडाशी येऊन उभी राहील.