फुकट नव्हे, मुक्त!

कला शाखेच्या विद्यार्थ्याने इमारतींच्या संगणकप्रणालीवर लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण मित्रहो, घर हा विषय एकट्या अभियंत्याचा कधीपासून झाला? माझे वडील गवंडी आहेत. विटा किती, सिमेंट किती, हा हिशेब त्यांच्या डोक्यात असतो. जाफराबाद तालुक्यात अशा हिशेबावर कितीतरी घरे उभी राहिली. कागदावर मात्र त्याची खूण नाही.

बी.आय.एम. म्हणजे इमारतीचे माहितीसह केलेले प्रतिरूप. साध्या नकाशात भिंत म्हणजे दोन रेषा. येथे भिंतीला स्वतःची जाडी, उंची, वीट ठाऊक असते. खिडकी मोठी केली की विटांचा हिशेब आपोआप बदलतो. नागपूर मेट्रोच्या उभारणीत महामेट्रोने वेळ आणि खर्चही जोडून हीच पद्धत वापरली. मेट्रोला ते परवडते. २५ चौरस मीटरच्या घरकुलाला कोठून परवडावे? नामांकित प्रणालीचे वर्षाचे भाडे म्हणजे गवंड्याची कित्येक महिन्यांची मजुरी. मग चोरीच्या प्रती फिरतात आणि धंद्याचा श्रीगणेशाच चोरीने होतो! विद्यार्थ्यांना सवलत मिळते खरी, पण विद्यार्थिदशा संपली की तीही संपते.

म्हणून मुक्त प्रणालींकडे वळले पाहिजे. फ्रीकॅड २००२ पासून वाढत आली आणि २०२४ साली तिची १.० आवृत्ती निघाली. ब्लेंडरच्या आधाराने चालणारी बॉन्साय आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त घडलेली ऑसडॅग पोलादी बांधकामाचे गणित आपल्या आय.एस. ८०० मानकाप्रमाणे करते. इंग्रजीतल्या 'फ्री'ने घोटाळा होतो. मराठीने फुकट आणि मुक्त हे शब्द वेगळे ठेवले आहेत. येथे मूळ आज्ञावली उघडी असते. वाचा, बदला, दुसऱ्याला द्या. आय.एफ.सी. या सामाईक साच्यात जपलेले घर एका कंपनीच्या कुलपात अडकत नाही.

या प्रणाली निर्दोष आहेत असे नाही. शिकायला किचकट, मदतपुस्तिका बहुतेक इंग्रजीत; आणि तुळईत सळई किती घालावी, हे अखेर जाणत्या अभियंत्यानेच सांगायचे. पण भाषेचे काम तर आपलेच! जोते, गिलावा, कोबा, ओळंबा हे शब्द पडद्यावर आणायला येथे कोणाची परवानगी लागत नाही. मराठी विभागाने गवंड्यांकडून शब्द गोळा करावेत, भूगोलाच्या मुलांनी गावातली जुनी घरे मोजावीत, आणि महाविद्यालयाने एका संगणकावर फ्रीकॅड घालून द्यावी. एकदा उतरवून घेतली की तिला इंटरनेटही लागत नाही. विजेचे तेवढे आपण पाहून घेऊ.