सॅकरिन आणि सॅकरीन

अर्थापकर्षाचा विचार करताना आपण बहुधा मराठी आणि संस्कृत शब्दांचीच उदाहरणे घेतो. येथे इंग्रजीतील एक जोडी मुद्दाम घेतली आहे. ‘सॅकरिन’ हे नाम आणि ‘सॅकरीन’ हे विशेषण. इंग्रजी लेखनात दोहोंमध्ये शेवटच्या एका ‘ई’चाच फरक, जुन्या लेखनात तर तो नामालाही जोडलेला आढळतो.

नामाचा अर्थ नेमका आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, आयरा रेमसन यांच्या प्रयोगशाळेत, कॉन्स्टन्टिन फालबर्ग यांना १८७९ मध्ये हा पदार्थ गवसला. तो साखरेच्या सुमारे ३०० ते ४०० पट गोड असला, तरी रसायनदृष्ट्या साखर नव्हे. म्हणूनच त्याला ‘कृत्रिम साखर’ म्हणणे मला पटत नाही.

विशेषणाचा अर्थ मात्र सरकत गेला. आज ते एखाद्या कादंबरीला वा भाषणाला लावले, की त्यातील गोडवा अतिरेकी, खोटा, नकोसा वाटणारा आहे, असा अभिप्राय असतो. हा दोष त्या रासायनिक पदार्थाच्या नकली चवीवरून आला, असा तर्क सहज सुचतो. पण कालक्रम त्याला अनुकूल नाही. सतराव्या शतकात हे विशेषण ‘साखरेचे, साखरयुक्त’ एवढ्याच निर्विकार अर्थाने इंग्रजीत आले आणि त्याचा लाक्षणिक अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, म्हणजे सॅकरिनच्या शोधापूर्वीच, दिसू लागला. पुढे त्या पदार्थाने या अर्थाला बळ दिले असेल. जन्म दिला नाही. केवळ तर्कावर विसंबून व्युत्पत्ती सांगणे किती धोक्याचे असते, ते येथे दिसते.

दोन्ही शब्दांचे कुळ ‘शर्करा’ हेच. संस्कृतात तिचा एक अर्थ खडा, रेव असा आहे. आयुर्वेदात मूत्रमार्गातील बारीक खड्यांनाही शर्कराच म्हणतात. हा शब्द प्राकृतातून मराठीत ‘साखर’ झाला, ग्रीक-लॅटिनमार्गे ‘सॅकरीन’पर्यंत गेला आणि फारसी, अरबी, फ्रेंच असा फिरत ‘शुगर’ झाला. गोडी त्याला नंतर चिकटली.

आता भाषांतराचा प्रश्न. इंग्रजी समीक्षेतील ‘सॅकरीन’साठी विद्यार्थी ‘मधुर’ लिहितात, आणि समीक्षकाने केलेली निंदा मराठीत स्तुती होऊन बसते. हा शब्दाचा नव्हे, निवाड्याचा विपर्यास आहे. ‘गोडगोड’ चालेल, परंतु त्यात लहान मुलांच्या बोलण्याचा लाडिकपणा डोकावतो. ‘साखरपेरणी’त हेतू आहे, चव नाही. माझ्या मते ‘गुळचट’ हाच शब्द सर्वांत जवळचा : पाणी गुळचट लागते, तशी कविताही गुळचट असते, आणि दोन्ही वेळा बोलणाऱ्याच्या कपाळावर आठी असते. साखरेच्या जागी गूळ आला, एवढी तडजोड मराठी वाचक आनंदाने करील.